पांढरीवरचे नवे मजले

महसुली दप्तरांच्या जुन्या परिभाषेत गावाची पिकणारी जमीन ती काळी आणि वसणारी ती पांढरी. नांदेड जिल्ह्यातील मुखेड या तालुक्याच्या गावची पांढरी किती पुरातन आहे, याची साक्ष तेथील दशरथेश्वराचे शिल्पांकित शिवमंदिर देते. निजामी अंमल येण्यापूर्वीही ही वस्ती कित्येक शतके नांदत होती. अशा गावाच्या जुन्या गल्लीत एखादा वाडा उतरवून त्या जागी चार बिऱ्हाडांची इमारत उभी राहू लागली की लोक त्यास नवलाई म्हणतात. पण पांढरीवर कोरी जागा अशी कधी नव्हतीच, तेथील प्रत्येक घर आधीच्या घराच्या मातीवरच उठलेले आहे.

मराठवाड्याच्या माळवदी घराची घडण या दृष्टीने पाहण्यासारखी होती. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, त्यांवर किलचांची दाट मांडणी, तीवर पाला आणि सर्वांवर चोपून बसवलेली पांढरी माती. ही माती पुष्कळदा गावच्या पडक्या गढीतूनच खणून आणीत. मृग निघण्यापूर्वी माळवदावर नवा थर पडे, आणि जुना थर काढण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नसे. छत गळू नये म्हणून ज्या निगुतीने ते ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाढवले गेले, त्याच ओझ्याने 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात घात केला: भिंती फुटल्या, माळवदे झोपलेल्या माणसांवर आली आणि सुमारे दहा हजार जीव गेले. किल्लारी मुखेडहून बरीच दूर. परंतु त्या पहाटेनंतर माळवदाखाली निर्धास्त झोपण्याची रीत साऱ्या मराठवाड्यातून उठली, आणि ज्यास जमले त्याने सिमेंटचा स्लॅब जवळ केला.

तथापि वाडे केवळ भयाने उतरले नाहीत. वाटण्यांनीही ते उतरवले. निजामी राजवटीतील खरेदीखते उर्दूत आणि फसली सनात लिहिलेली असत (फसली 1350 म्हणजे इसवी सन 1940-41), आणि आजही एखाद्या घरी असा कागद पेटीतून निघाला की तो वाचणारा शोधावा लागतो. त्यात चतुःसीमा असे. पण सामाईक भिंतीत तुळई कोणी रोवावी, पन्हाळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडावे, बोळातून बैल कोणाचे जावेत, हे बहुधा वहिवाटीवर चाले आणि तंटा झालाच तर शेजारचे चार वडीलधारे निवाडा करीत. पुढे 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आला; महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला. हे न्याय्यच झाले. पण दोन भावांत ओढूनताणून भागणारा वाडा पाच वारसांत भागेना. मग कोणी हिस्सा भावास सोडी, कोणी विकी, आणि पुष्कळदा सर्व मिळून जागा एखाद्या ठेकेदाराच्या हाती देत. सागवानी खांब लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जात, माती शेतकरी खत म्हणून गाडीने नेत.

यातली गंमत मला अशी वाटते, की ज्या एकत्रपणास कंटाळून वारसांनी वाटणी मागितली, तोच कायद्याच्या वाटेने परत आला. 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाने सदनिका स्वतंत्र मिळकत ठरते खरी, पण जिना, गच्ची आणि खालची जमीन यांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा असतो. म्हणजे सख्ख्या भावाशी जो जिना वाटून घेणे जड गेले, तो आता परगावाहून आलेल्या मास्तरांशी आणि अडत दुकानदाराशी सामाईक ठेवावयाचा.

लहान बांधकामाची वाट शासनाने अलीकडे बरीच सुकर केली. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीने 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पावती हाच परवाना मानला. गरजू माणसाची कचेरीतील खेप त्यामुळे वाचते, म्हणून मी या सवलतीच्या बाजूचा आहे. मात्र पावती बोळ रुंद करीत नाही. एका चुलीसाठी आखलेल्या बोळातून आता चार बिऱ्हाडांची सांडपाण्याची नळी, चार मोटारसायकली आणि पाण्याचा टँकर जावयाचा आहे, आणि नळीचे तोंड आपल्या उंबऱ्याकडे का, असे विचारणाऱ्या शेजाऱ्यास चार वडीलधाऱ्यांऐवजी नगरपरिषदेत अर्ज द्यावा लागतो.