आठवणींनी तारलेला बँड

एखाद्या गायकाचे चाहते त्याची आठवण काढतात, तेव्हा बहुधा त्याच्या आवाजाबद्दल बोलतात. 'बी-फिफ्टी टूज' या अमेरिकन बँडच्या चाहत्यांचे तसे नाही. ते स्वतःबद्दल बोलू लागतात. कुणाच्या तरी घरच्या पार्टीत ही रेकॉर्ड लागली, कोपऱ्यात अंग चोरून उभे असलेले आपण कसे पुढे ओढले गेलो आणि 'रॉक लॉबस्टर' गाण्याचा सूर मध्येच खाली खाली उतरू लागला तसे सगळ्यांबरोबर आपणही कसे जमिनीवर आडवे झालो, हे ते सांगतात. सांगताना साठीची माणसे पुन्हा सतरा-अठरा वर्षांची होतात. लॉबस्टर म्हणजे कोकणातली आपली शेवंड. शेवंडीवरच्या एका विक्षिप्त गाण्यावर माणसे चार दशकांहून अधिक काळ जीव का लावतात?

या बँडचा जन्मही गमतीचाच. जॉर्जिया राज्यातले अथेन्स हे विद्यापीठाचे छोटे गाव. १९७६ च्या ऑक्टोबरात पाच मित्र तिथल्या एका चिनी हॉटेलात गेले आणि ज्वाला पेटवून आणून देतात असे एक पेय पाचांत मिळून प्याले. मग एका मित्राच्या घरी जाऊन वाद्ये वाजवत बसले. रिकी विल्सन आणि सिंडी विल्सन हे सख्खे भाऊबहीण. शिवाय कीथ स्ट्रिकलंड, केट पिअरसन आणि फ्रेड श्नायडर. कुणी बसस्थानकावर सामान चढवत होता, कुणी खानावळीच्या काउंटरवर काम करत होती, कुणी वृद्धांना घरपोच जेवण पोहोचवण्याच्या योजनेत होता. केट तर वर्तमानपत्रातली नोकरी सांभाळून बकऱ्या पाळत असे. १४ फेब्रुवारी १९७७ रोजी एका घरच्या पार्टीत त्यांनी पहिला कार्यक्रम केला.

नावाचीही एक कथा आहे. साठच्या दशकातल्या आपल्या हिंदी सिनेनायिकांचे फुगवलेले उंच केस आठवा. तशाच केशरचनेला अमेरिकेच्या दक्षिणेत 'बी-फिफ्टी टू' म्हणत, कारण तिचा आकार त्या नावाच्या बॉम्बफेकी विमानाच्या नाकाडासारखा दिसे. याच विमानांनी व्हिएतनामवर बॉम्बचा वर्षाव केला होता. ते युद्ध १९७५ मध्ये संपले आणि दोन वर्षांच्या आत, जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणलेले झगे आणि उंच केसांचे टोप घालून दोन मुली त्याच नावाने लोकांना नाचवू लागल्या. संहाराच्या यंत्राचे नाव केसांच्या अंबाड्याला आणि अंबाड्यावरून नाचगाण्याला! कवी म्हणून मला या नामांतराचे फार अप्रूप वाटते.

आपल्याकडे 'न्यू वेव्ह' म्हटले की समांतर सिनेमा आठवतो. पाश्चात्त्य संगीतात मात्र सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, पंक संगीताच्या संतापानंतर आलेल्या प्रवाहाला हे नाव आहे. या प्रवाहात बी-फिफ्टी टूज सगळ्यांत वेगळे. बँडमध्ये बास गिटार वाजवणारा कुणी नाही. ते सूर केट की-बोर्डवर काढायची. रिकी गिटारच्या मधल्या तारा काढून टाकून उरलेल्या तारा स्वतःच्या पद्धतीने लावायचा. फ्रेड खेळण्यातला पियानो आणि वॉकी-टॉकी घेऊन उभा. तो गात नाही, ठसक्यात बोलतो आणि दोघी बाया त्याला सुरात उत्तर देतात. तमाशातली बतावणी ऐकलेल्या माणसाला हा प्रकार परका वाटू नये.

१९७८ मध्ये 'रॉक लॉबस्टर'ची पहिली रेकॉर्ड निघाली, १९७९ मध्ये पिवळ्या मुखपृष्ठाचा पहिला अल्बम आला. १९८० च्या उन्हाळ्यात बर्म्युडातल्या एका नाचघरात जॉन लेननच्या कानावर हे गाणे पडले. त्यातल्या चित्कारांत त्याला आपल्या पत्नीची, योको ओनोची, गायकी दिसली. पाच वर्षे संगीतापासून दूर असलेल्या लेननला आता आपले दिवस आले असे वाटले. तो पुन्हा ध्वनिमुद्रणाकडे वळला, त्यामागे जी कारणे होती त्यांत हेही एक. पुढे २००२ मध्ये न्यूयॉर्कला बँडच्या पंचविशीच्या कार्यक्रमात योको स्वतः त्यांच्याबरोबर हे गाणे गायली.

पण चाहत्यांचा जिव्हाळा अशा मोठ्या नावांमुळे नाही. १९८० च्या जानेवारीत हा बँड 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात झळकला. लहान गावांतल्या, वर्गात चेष्टेचा विषय झालेल्या कितीतरी मुलामुलींनी तो पाहिला. आपल्यासारखी चमत्कारिक माणसे आणखी कुठेतरी आहेत आणि ती मजेत आहेत, हे त्यांना त्या रात्री कळले. या पाचांपैकी बहुतेक जण समलैंगिक होते, हे पुढे जाहीर झाले. त्या काळी त्यांनी त्याचा झेंडा मिरवला नाही. 'या, नाचा' एवढेच ते म्हणाले. ज्याला कुठेच कुणी बोलावत नाही, त्याला या दोन शब्दांची किंमत कळते.

आणि मग १९८५ साल आले. २ ऑक्टोबरला प्रसिद्ध नट रॉक हडसन एड्सने गेला आणि दहाच दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, रिकी विल्सन त्याच आजाराने गेला. वय अवघे ३२. या आजाराचे नावही दबक्या आवाजात घेण्याचे ते दिवस होते. रिकीचा आजार फक्त कीथला ठाऊक होता. सख्ख्या बहिणीलाही कल्पना नव्हती. नवा अल्बम जवळजवळ तयार होता. १९८६ मध्ये तो आला, पण बँड दौऱ्यावर गेला नाही. आता सारे संपले असेच चौघांना वाटले.

हळूहळू कीथने ड्रम सोडून गिटार हाती घेतली. मित्राने शोधलेली तारा लावण्याची पद्धत त्याने पुढे चालवली. चौघे पुन्हा बसले, तेव्हा आपोआप अथेन्सचे दिवस गाण्यांत येऊ लागले: रिकामटेकड्या दुपारी, गावाबाहेरची नाचघरे, केटचे पत्र्याच्या छपराचे घर. १९८९ चा 'कॉस्मिक थिंग' हा अल्बम त्यातून झाला. त्यातली 'लव्ह शॅक' आणि 'रोम' ही दोन्ही गाणी अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली.

'लव्ह शॅक' मी नव्वदच्या दशकात केबलवर ऐकले. निम्मे शब्द कळले नाहीत. पाय मात्र हलू लागले. निव्वळ मौजेचे गाणे, असे तेव्हा वाटले. आता त्यामागची हकीकत ठाऊक आहे. आपल्यातला एक गेल्यावर त्याच्याबरोबर घालवलेले दिवस चौघांनी पुन्हा बोलावले आणि ते रडत नव्हे, तर नाचत बोलावले. मर्तिकावर आपल्याकडेही भजनाला टाळ वाजतातच की! शोकाला ताल चालतो, हे आपल्या माणसांना सांगायला नको.

पत्र्याचे ते घर २००४ मध्ये जळून गेले. निरोपाचा दौरा बँडने जानेवारी २०२३ मध्ये अथेन्सलाच संपवला. तरीही त्याच वर्षी ते लास व्हेगासच्या रंगमंचावर पुन्हा दिसले. निरोप घेणे त्यांना फारसे जमलेले नाही आणि चाहत्यांना त्याचे वाईट वाटत नाही. गंभीर काव्य मोठे आणि गमतीचे गाणे हलके, अशी विभागणी आपण साहित्यिक मंडळी सहज करतो. पण एकट्या माणसाला घोळक्यात ओढून घेणे, हे काही हलके काम नव्हे. शेवंडीवरच्या त्या गाण्याने ते केले. म्हणून तर ते ऐकणारी माणसे अजून स्वतःची गोष्ट सांगू लागतात.