म्हशीच्या दुधाची जनुके आणि ‘ए-टू’चे गणित

सोलापूर-कोल्हापूरकडची पंढरपुरी, धारवाडकडची धारवाडी, गुजरातची मेहसाणा. म्हशीची जात कोणतीही असो, दुधातल्या प्रथिनांत मोठा वाटा केसीनचा. केसीन चार प्रकारचे: अल्फा-एस-वन, अल्फा-एस-टू, बीटा आणि कप्पा. या चौघांची जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी बसलेली असतात. गायीत ती सहाव्या, तर म्हशीत सातव्या गुणसूत्रावर आहेत.

बाजारात गाजणारा ‘ए-वन’, ‘ए-टू’ हा फरक बीटा-केसीनमधला. या प्रथिनाच्या ६७व्या जागी प्रोलीन असले तर ए-टू, हिस्टिडीन असले तर ए-वन. जनुकातले एकच अक्षर बदलले की हा फरक पडतो. ए-वन प्रामुख्याने होल्स्टीनसारख्या विदेशी गायींत दिसते. भारतीय म्हशींच्या जनुकीय तपासण्यांत जवळपास सर्वत्र ए-टूच आढळले आहे. म्हणजे म्हशीच्या दुधावर ‘ए-टू’चा शिक्का मारून जादा दर लावला, तर गिऱ्हाईक मुळात असलेल्याच गोष्टीचे पैसे मोजते. शिवाय युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा ए-वन दूध आणि आजार यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला आढळला नाही.

मग जनुके तपासायची कशाला? चीज करताना रेनेट कप्पा-केसीनलाच कापते आणि दूध फाटते. त्यामुळे कप्पाच्या जनुकातला फरक चीजच्या उताऱ्यावर परिणाम करू शकतो. शिवाय स्थानिक जातींचे वेगळेपण नोंदले गेले, तर ते जपताही येते. गोठ्यात मात्र पैसे मिळतात ते फॅट आणि एसएनएफवर, शिक्क्यावर नव्हे.