वारशाची रायफल आणि काडतुसाचा पेच

रायफल वारशाने मिळते. तिचे काडतूस मिळेलच असे नाही. बंडखोरांच्या हाती लष्करी मापाची काडतुसे पडू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली. इंग्लिश कारागिरांनी .४६५, .४७० ही मापे काढून साहेबांची व संस्थानिकांची हौस भागवली! खडकीच्या कारखान्यातील .३१५ चे काडतूस या रायफलींत चालत नाही. म्हणून रिकामे पितळी कवच घरीच भरण्याचा मोह होतो. परंतु जुनी नळी कॉर्डाइट या तत्कालीन दारूच्या दाबावर पारखलेली असते. निराळ्या दारूचा अंदाज चुकल्यास ती फुटून हात वा डोळा जातो. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये विनापरवाना काडतूस बनवणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास दोनच बंदुका बाळगता येतात. त्यांत आजोबांची रायफलही मोजली जाते.