लाटावहन (स्टोक्स वहन)

समुद्राच्या पृष्ठभागावरून लाटा सरकत असताना वरच्या थरातले पाणी आणि त्यावर तरंगणाऱ्या वस्तू लाटांच्या दिशेने हळूहळू पुढे जातात, त्याला लाटावहन म्हणतात. आयर्लंडमध्ये जन्मलेले गणिती जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८४७ मध्ये त्याचे गणित मांडले, म्हणून ‘स्टोक्स वहन’ हे नाव रूढ झाले.

लाट येते ती पाणी घेऊन येते, असा सर्वसाधारण समज आहे. खोल समुद्रात तो बराचसा चुकीचा आहे. नारळी पौर्णिमेला अर्पण केलेला नारळ, लाटा फुटतात त्याच्या पलीकडे तरंगत असेल, तर निरखून पाहावा. लाटेचा माथा नारळाखाली आला की तो वर चढतो व पुढे सरकतो. माथा निघून गेल्यावर खळग्यात उतरतो व मागे येतो. लाट निघून जाते, नारळ जवळपास तिथेच राहतो. मात्र ‘जवळपास’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्येक फेरीअखेर तो मूळ जागेच्या किंचित पुढे पडलेला असतो.

याचे कारण असे, की पाण्याच्या कणाची वर्तुळाकार गती पृष्ठभागाशी सर्वांत जोरदार असते आणि खोलीनुसार झपाट्याने मंदावते. कण पुढे जातो तो वर असताना, मागे येतो तो खाली असताना. त्यामुळे पुढची झेप मागच्या झेपेपेक्षा मोठी पडते. शिवाय पुढे जाताना तो लाटेच्याच दिशेने धावत असल्याने माथ्याखाली थोडा जास्त वेळ राहतो. वर्तुळ पूर्ण मिटत नाही आणि उरलेली फट म्हणजेच वहन.

आकड्यांत पाहू. माथ्यापासून खळग्यापर्यंत २ मीटर उंचीची आणि ८ सेकंद आवर्तकाळाची लाट खोल पाण्यात सुमारे १०० मीटर लांब असते व सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने धावते. पृष्ठभागावरचे वहन मात्र सेकंदाला ५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे दिवसाला सुमारे ४ किलोमीटर. लाटेची लांबी तीच ठेवून उंची दुप्पट केली, तर वहन चौपट होते. ८ मीटर खोलीवर ते एकतृतीयांशाहून थोडेच अधिक उरते.

लाटावहन पाहायला समुद्रच हवा असे नाही. भोर तालुक्यातल्या भाटघर जलाशयावर वारा सुटला की वीतभर उंचीच्या, उभट लाटा उठतात. अशा लाटांचे वहन समुद्रातल्या मोठ्या लाटेच्या बरोबरीचे असू शकते, फक्त ते वरच्या फूटभर थरातच चालते. वाऱ्याचा थेट रेटा त्यात मिळतो आणि पालापाचोळा वाऱ्यासमोरच्या काठाला गोळा होतो.

कोकणकिनाऱ्यावर याचा प्रत्यय पावसाळ्यात येतो. नैऋत्य मोसमी वारे आणि त्यांनी उठवलेल्या लाटा किनाऱ्याकडेच रोखलेल्या असतात, त्यामुळे उघड्या समुद्रात जे तरंगते ते पूर्वेकडे ढकलले जाते. गोवा व सिंधुदुर्गाच्या वाळूवर मे अखेरीपासून डांबरगोळे दिसू लागतात. समुद्रात सांडलेले तेल घट्ट होऊन ते बनतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ या जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाल्यावर सांडलेले तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोचले. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले ‘पवित’ हे तेलवाहू जहाज तर निर्मनुष्य अवस्थेत अरबी समुद्र ओलांडून ३१ जुलै २०११ रोजी जुहूच्या किनाऱ्याला लागले. जहाजाचा मोठा भाग पाण्याबाहेर असतो, म्हणून त्याच्या प्रवासात वारा व प्रवाह यांचाच वाटा मुख्य मानावा. तेलाचा पातळ तवंग किंवा पाण्यात बुडत-तरंगत जाणारी पिशवी यांच्याबाबतीत लाटावहनाकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

वस्तू कुठे लागेल हे सांगताना प्रवाह, वारा आणि लाटा या तिन्हींचा हिशेब लागतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था तेलतवंगाच्या मार्गाचे व समुद्रात बेपत्ता झालेल्यांच्या शोधक्षेत्राचे अंदाज देते. लाटावहन वगळल्यास होणारी दिवसाला ४ किलोमीटरची चूक दोन-तीन दिवसांत माणूस हातचा जाण्याइतकी मोठी होते.

किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की लाट फुटते आणि तिथे पाणी खरोखरच पुढे फेकले जाते. नारळ, निर्माल्य आणि विसर्जित मूर्तींचे अवशेष परत वाळूवर येतात ते भरतीच्या आणि या फुटणाऱ्या लाटांच्या जोरावर. असे किनाऱ्याशी साचलेले पाणी परत जाणारच. त्यातले काही तळालगत जाते, काही अरुंद पट्ट्यांतून वेगाने समुद्राकडे धावते, हीच ओढ. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत दिसला, तर तिथे ओढ असण्याची शक्यता मोठी; पर्यटक नेमके तिथेच उतरतात. ओढीत सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे पोहू नये. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे व मग फुटणाऱ्या लाटांबरोबर परतावे. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र कोकणच्या उघड्या किनाऱ्यावर पोहायला उतरूच नये.