वर्ष कोणतं, महिना कोणता

रक्ताच्या कर्करोगाशी परळचं नातं जुळलं ते एका बाईंच्या आजारपणातून. मेहेरबाई टाटा १९३१ साली वेल्समध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांनी १९३२ साली त्यांच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला, आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढे २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. तेव्हा आमच्या डिलाईल रोडवर मथुरादास, अपोलो या गिरण्यांचे भोंगे वाजत होते. चाळीत कुणाबद्दल "टाटाला नेलंय" असं कळलं की पुढचं कुणी विचारत नसे. मी बीडीडी चाळीत लहानाची मोठी झाले, त्यामुळे ती शांतता मला ओळखीची आहे.

माझी सगळी नोकरी परळच्याच एका रक्ताच्या वॉर्डात गेली. आमच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात सदाफुली असायची. तिच्यापासूनच व्हिन्क्रिस्टीन काढतात, हे मला नर्सिंगला गेल्यावर कळलं. ते इंजेक्शन रक्ताच्या कर्करोगावर उत्तम, पण नसांवर कठोर. आठवड्यामागून आठवडा घेतलं की बोटं बधिर होतात, पाऊल लुळं पडतं, जबडा दुखतो. म्हणून आम्ही पोरांना टाचांवर चालायला लावायचो. जो टाच टेकवून पंजा उचलू शकत नाही, त्याची नस हललेली आहे हे तिथल्या तिथे समजायचं. आई सांगायची, "सिस्टर, हा शर्टाचं बटण लावायला मला हाक मारतो." तो तिने दिलेला अहवालच असायचा.

१९८०च्या दशकात डॉ. सुरेश अडवाणींच्या काळात अमेरिकेतल्या डॉ. इयान मॅग्रथ यांच्याबरोबर एमसीपी-८४१ ही उपचारपद्धती इथे आली आणि तीव्र ल्युकेमियाची कितीतरी मुलं घरी परत जाऊ लागली. त्यात कण्यातून औषध आणि डोक्याला किरणं देत, कारण मेंदूत लपलेल्या पेशींपर्यंत शिरेतलं औषध नीट पोचत नाही. त्या किरणांमुळे अभ्यासात मागे पडलेली मुलं पुढे दिसली. म्हणजे मेंदू आणि नसा हे दुखणं आमच्या वॉर्डाला नवं नव्हतं. कार-टी पेशी आल्या आणि ते वेगळ्या रूपात समोर आलं.

या उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढतात, कर्करोगाच्या पेशीवरची खूण ओळखेल असं शस्त्र प्रयोगशाळेत त्यांना देतात आणि पुन्हा शिरेतून सोडतात. त्या आत जाऊन वाढतात, लढतात, आणि लढताना इतकी रसायनं सांडतात की ताप चढतो, रक्तदाब पडतो, कधी मेंदूही गोंधळतो. २०१२ साली फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही मुलगी अशाच तापात मरणाच्या दारात होती. टॉसिलिझुमॅब या औषधाने तिला परत आणलं आणि उपचार टिकला. मेंदूचं प्रकरण मात्र त्या औषधाने आवरत नाही, कारण मेंदूत ते फारसं शिरत नाही. तिथे डेक्सामेथासोन लागतं, तेही वेळेवर. २०१६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत मेंदूला सूज येऊन रुग्ण दगावले आणि ती थांबवावी लागली. तेव्हापासून जगभर एकच ध्यास: कुणाचा मेंदू बिघडेल, हे आधी कसं ओळखायचं?

सिअॅटलच्या डॉक्टरांनी २०१७ साली १३३ रुग्णांचा हिशेब मांडला. त्यातल्या ५३ जणांना मेंदूचा काही ना काही त्रास झाला होता. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सैल पडतं आणि रक्तातलं जे मेंदूत जायला नको ते जातं, असं त्यांना दिसलं. पहिल्या ३६ तासांत ३८.९ अंशांवर ताप आणि त्याबरोबर रक्तातली दोन प्रथिनं वाढलेली असली, तर फार गंभीर त्रासाचा धोका मोठा. पुढे आणखी सोपं गणितही निघालं: एलडीएच गुणिले सीआरपी, भागिले प्लेटलेट. मला ते जास्त आवडतं, कारण या तपासण्या कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होतात. शरीरात रोग जितका जास्त, तितकी भीती जास्त, हेही त्या गणितात दिसतंच.

आणि याच्या जोडीला, मेंदू ताळ्यावर आहे का हे पाहणारी दहा गुणांची परीक्षा. वर्ष कोणतं, महिना कोणता, शहर कोणतं, दवाखाना कोणता, याचे चार. पेन, घड्याळ, बटण अशा तीन वस्तू ओळखायच्या. सांगितलं ते करून दाखवायचं, एक वाक्य लिहायचं, शंभरातून दहा-दहा वजा करत यायचं. काल सरळ लिहिणाऱ्याचं अक्षर आज तिरकं, एकावर एक चढलेलं दिसलं, की झटके येण्याच्या आधीच डॉक्टरांना बोलवायचं. मला हे टाचांवर चालवण्यासारखंच वाटतं.

४ जून २०२१ ला खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेकमध्ये भारतातला पहिला कार-टी उपचार झाला. पेशी आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या चमूने तयार केल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच उपचाराला नेक्सकार१९ या नावाने मंजुरी मिळाली आणि वर्तमानपत्रांनी कमी किमतीचं कौतुक केलं. ते रास्तच आहे. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: खूण ओळखणारा तुकडा त्यांनी माणसाच्या प्रथिनाच्या जवळ नेऊन ठेवला, आणि इथल्या चाचण्यांत मेंदूचे त्रास परदेशातल्या पहिल्या औषधांपेक्षा फारच कमी दिसले. रात्रपाळीच्या सिस्टरला विचारा याचं मोल.

तरी कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि परीक्षा घ्यायचीच. तिथे माझं एक म्हणणं आहे. बिहारहून, विदर्भातून, कोकणातून आलेल्या ज्या माणसाने आयुष्यात सही सोडून काही लिहिलं नाही, त्याला वाक्य लिहायला सांगून गुण कापायचे? ज्याला दादर आणि परळ यांतला फरक माहीत नाही, त्याला दवाखान्याचं नाव? पेशी सोडण्याच्या आदल्या दिवशीच त्याच्या भाषेत परीक्षा घ्यावी आणि आलेलं उत्तर कागदावर ठेवावं. सही तर सही, तिच्याशीच उद्याची सही ताडून पाहावी. शंभरातून दहा जमत नसतील तर वार उलटे म्हणायला लावावेत: रविवार, शनिवार, शुक्रवार.

निवृत्तीनंतर डिलाईल रोडच्या आसपास खोली घेऊन राहणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना मी हेच शिकवते. सकाळ-संध्याकाळ विचारा, रोज तेच विचारा. माणूस गप्प झाला, शब्द शोधू लागला, चहाचा कप हातात थरथरला, भलत्याच नावाने हाक मारली, तर "थकला असेल" म्हणून झोपवू नका. तसेच उठा, टॅक्सी करा, आणि दारातच सांगा की कार-टी झालेला रुग्ण आहे.