जुन्या येझदीचा जीर्णोद्धार : आधी ठोका, मग थाट

सोसायटीच्या जिन्याखाली किंवा गावाकडच्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली एखादी येझदी आजही अनेक ठिकाणी आढळते. वडिलांची किंवा काकांची ती गाडी भंगारात द्यायला मन धजत नाही आणि चालू करायची तर सुरुवात कोठून करावी, हे उमगत नाही. मग एखाद्या रविवारी उत्साहाच्या भरात पाने-पकडी बाहेर येतात, गाडी पूर्ण सुटी होते आणि तिचे भाग पुढे कित्येक महिने गोणपाटात पडून राहतात. शेवटी त्या गोणीला भंगाराचाच भाव येतो. अशी कामे रखडली की दोष पैशांच्या चणचणीला दिला जातो. परंतु बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकलेला असतो आणि पैसाही त्यामुळेच अपुरा पडतो.

म्हैसूरची गाडी

'जावा' हे मूळचे चेकोस्लोव्हाकियातील नाव. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये 'वांडरर' या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांच्या आद्याक्षरांतून 'जावा' हा शब्द तयार झाला. भारतात म्हैसूर येथील 'आयडियल जावा'च्या कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या. १९७३ पासून त्यांना 'येझदी' हे नाव मिळाले आणि १९७८ मध्ये 'रोडकिंग' आली. कमी पेट्रोल खाणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्यांपुढे या कंपनीचा निभाव लागला नाही आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये बाजारात परतले. मात्र या नव्या गाड्या फोर-स्ट्रोक असून त्यांचे इंजिनाचे भाग जुन्या गाडीला चालत नाहीत.

नवख्याने हात घालावा, इतके जुन्या येझदीचे इंजिन साधे आहे. ६५ मिलिमीटर व्यासाचा एकच सिलिंडर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक आणि सुमारे २५० घनसेंटिमीटर क्षमता. सायलेन्सर दोन दिसले तरी सिलिंडर एकच असतो. धूर बाहेर पडण्याच्या वाटा मात्र दोन. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील झरोके स्वतःच उघडतो आणि झाकतो. किकची दांडी आणि गिअरची दांडी एकच, हे या गाडीचे आणखी एक वैशिष्ट्य.

कागद पाहा, मग लोखंड

पहिला तपास नोंदणी पुस्तकाचा. चासी आणि इंजिन यांवर ठोकलेले क्रमांक पुस्तकातील नोंदीशी अक्षरशः जुळले पाहिजेत. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओकडून तपासणी करून घेऊन ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. कागद नसलेली गाडी स्वस्तात मिळते, पण ती रस्त्यावर आणणे बहुधा जमत नाही आणि तिच्यावरील सारा खर्च वाया जातो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील दुचाकीची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी नेता येत नाही.

खोलण्याआधी चालू करा

गाडी खोलण्यापूर्वी ती आहे त्या स्थितीत चालू करण्याचा प्रयत्न करावा. चालू इंजिन आपले दुखणे स्वतः सांगते. खोललेल्या इंजिनाबाबत केवळ तर्क लढवावे लागतात आणि तर्कापोटी नको ते भाग विकत आणले जातात.

जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि रात्रभर थांबावे. इंजिन जाम असेल तर डिझेल आणि तेलाचे मिश्रण सोडून काही दिवस वाट पाहावी. नंतर वरचा गिअर टाकून मागचे चाक हलक्या हाताने पुढे-मागे करावे. जाम इंजिनाला लाथा घातल्या तर किकचे दाते तुटतात. पिस्टन मोकळा झाल्यावर कार्ब्युरेटर खोलून त्याचे जेट साफ करावेत. सीबी पॉइंटवरील काजळी काढून त्यातील फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवावी. टाकीत गंज असेल तर ती उतरवून स्वच्छ करावी, अन्यथा साफ केलेला कार्ब्युरेटर दुसऱ्याच दिवशी तुंबतो.

या गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. जुने प्रमाण २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर. रिबोअरनंतरच्या सुरुवातीच्या काळात २० ला १, म्हणजे लिटरला ५० मिलिलिटर. गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते. एक घातले म्हणून दुसरे टाळता येत नाही.

धूर काय सांगतो?

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबले जाते आणि तेथून सिलिंडरमध्ये चढते. त्यामुळे क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील हवाबंद असणे आवश्यक असते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत हे रबर कडक होते. डावीकडील, म्हणजे प्रायमरी चेनच्या बाजूचे सील गेले की इंजिन गिअरबॉक्सचे तेल ओढू लागते. दाट पांढरा धूर येतो, तो थांबत नाही आणि गिअरबॉक्समधील तेल कमी होत जाते. उजवीकडील सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन आपोआप चढते आणि फार तापून पिस्टन चिकटू शकतो. दोन्ही सीलची किंमत किरकोळ असते; दुर्लक्ष केले तर मात्र भुर्दंड पिस्टन आणि सिलिंडरचा पडतो.

किक मारताना अटकाव जाणवत नसेल तर रिंग आणि सिलिंडर तपासावेत. झीज झाली असल्यास सिलिंडर रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवावा लागतो. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवावा. तेथे खेळ जाणवता कामा नये, आडवा थोडा खेळ मात्र चालतो. क्रँकचे काम घरी होत नाही. तो प्रेसवर उघडून नवा रॉड आणि बेअरिंग घातल्यावर डायल गेज लावून सरळ करून घ्यावा लागतो. येथे जाणत्या कारागिराला पूर्ण मोबदला द्यावा. ही जागा काटकसरीची नव्हे.

पैशांचे तीन भाग

हाती असलेल्या रकमेचे तीन भाग करावेत. पहिला इंजिनासाठी. दुसरा टायर, ब्रेक लायनर, केबल आणि वायरिंगसाठी. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर तडकलेले असते, त्यावर भरवसा ठेवू नये. तिसरा भाग बाजूलाच ठेवावा, कारण जुन्या गाडीत अनपेक्षित खर्च हमखास निघतो.

काढलेला एकही मूळ भाग फेकू नये. पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईचे कुर्ला अशा ठिकाणी सुटे भाग शोधताना नमुना हातात असला की फसगत टळते आणि कित्येकदा आपलाच जुना भाग नव्या नकलेपेक्षा सरस निघतो. वापरलेला भाग घेताना पावती मागावी. चोरीचा माल गळ्यात पडण्याचा धोका असतो. खोलताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत नाव लिहून ठेवावेत.

रंग सर्वांत शेवटी

रंग आणि क्रोम या कामांचा मोह मोठा आणि खर्चही मोठा. इंजिन नीट होण्याआधी रंग दिला तर पुढच्या खोलाखोलीत तो पेट्रोलने आणि पान्यांनी खराब होतो. किमान दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवून, गळती आणि खडखड थांबली की मगच रंगाऱ्याकडे जावे. चासी क्रमांकावर रंगाचा जाड थर बसणार नाही, याची काळजी घ्यावी. तपासणीच्या वेळी तो स्पष्ट वाचता आला पाहिजे. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा धरते. म्हणून रबरी नळी बदलावी आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा.

हे काम एका महिन्यात उरकत नाही. मात्र या क्रमाने गेल्यास पैसे मध्येच संपले तरी हाती गोणपाटातले सुटे भाग उरत नाहीत. रंग उडालेली, पण किक मारताच सुरू होणारी गाडी दारात उभी असते. तिचा रंग पुढच्या वर्षीही देता येतो.