व्हिडिओ कॉलवर टक्केवारी कशी शिकवायची? चौकटीची वही, शीट, फॉर्म आणि एसी लोकलचं तिकीट

घरात किंवा शेजारी सहावी-सातवीतलं कोणी असेल, तर "हे गणित सांग ना" असा मेसेज तुम्हालाही येत असेल. सोबत पुस्तकाच्या पानाचा तिरका, अर्धा कापलेला फोटो. त्यातली बरीच गणितं शेकडेवारीची निघतात. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात गुणोत्तर-प्रमाण झालं की शेकडेवारी येते, तिच्यामागून नफा-तोटा आणि सरळव्याज. आठवीत सूट-कमिशन आणि चक्रवाढ व्याज, दहावीत जीएसटी. म्हणजे हा एक धडा कच्चा राहिला की तो दहावीपर्यंत पाठ सोडत नाही. फोनवरून, मोफत अॅप्स वापरून तो पक्का कसा करून घ्यायचा, ते या लेखात पाहू.

मी शिक्षिका नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीतल्या सात-आठ मुलांचा संध्याकाळी ऑनलाइन वर्ग घ्यायला लागले. वाटलं होतं दोन महिन्यांचं काम आहे. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग प्रत्यक्ष भरायला १५ डिसेंबर २०२१ उजाडला. पुढे चाळ रीडेव्हलपमेंटला गेली, कोणी बदलापूरला, कोणी डोंबिवलीला पांगलं. आता त्या मुलांची धाकटी भावंडं शनिवारी कॉलवर येतात.

चॅट बॉक्समधलं बरोबर उत्तर

पहिल्या वर्षी मी प्रश्न विचारायचे आणि मुलं चॅटमध्ये उत्तर टाकायची. एका मुलाचं उत्तर कायम बरोबर असायचं, फक्त तिसरं किंवा चौथं यायचं. तीन महिने मी त्याला शाब्बास म्हणत होते. एकदा जिन्यात भेटला तेव्हा सहज विचारलं, "५० पैकी ३५ म्हणजे किती टक्के रे?" तो म्हणाला, "ताई, पस्तीस."

चूक त्याची नव्हती. चॅट सगळ्यांना दिसतं, आणि समोर उत्तर दिसत असताना अकरा वर्षांचं कुठलं पोर वहीत आकडेमोड करत बसेल? व्हॉट्सअॅप पोलचंही तेच. कोणी काय निवडलं हे नावानिशी दिसतं, त्यामुळे दोन हुशार मुलांनी मत दिलं की बाकीचे त्यांच्यामागे.

दोन उपाय आहेत. पहिला फुकट आणि सोपा: उत्तर टाइप करून ठेवायचं, पण पाठवायचं नाही. मी "तीन, दोन, एक" म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. दुसरा म्हणजे गूगल फॉर्म. त्यात प्रत्येकाचं उत्तर फक्त तुम्हाला दिसतं. क्विझ मोड न लावता साधा फॉर्म ठेवा आणि नावासाठी एक रकाना द्या. ईमेल मागू नका, बऱ्याच घरांत फोनमधलं खातं बाबांचं असतं.

आधी वही

माझा सल्ला, स्क्रीन शेअर करायची घाई नको. मुलाच्या हातात पाच-सहा इंचांचा फोन असतो, त्यावर तुमची सुंदर स्लाइड मुंगीएवढी दिसते. चौकटीच्या वहीत १० बाय १० चा चौकोन आखायला सांगा. झाली शंभर घरं. "३५ घरं रंगव." ते झाले ३५ टक्के. शेकडा म्हणजे शंभर, हे आजीला विचारलं तरी कळतं, विड्याची पानं शेकड्यावरच मिळतात.

मग खरी अडचण येते. एकूण शंभर नसतील तर? ५० गुणांची चाचणी, त्यात ३५. इथे लगेच "भागिले ५०, गुणिले १००" सांगू नका. विचारा, "५० गुण या शंभर घरांत सारखे वाटले, तर एका गुणाला किती घरं?" दोन. मग ३५ गुणांना ७०. मुलं हे चित्रावर स्वतः काढतात, सूत्र नंतर आपोआप पटतं. रंगवलेल्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा. व्हिडिओ चालू ठेवण्यापेक्षा त्याला डेटा खूप कमी लागतो.

शीटमधली शंभर घरं

वही जमली की गूगल शीट्स. १० बाय १० सेलचा तक्ता करा, प्रत्येक मुलाला वेगळी टॅब द्या आणि लिंकला एडिटची परवानगी द्या. भरलेले सेल मोजायला काउंटए हा फॉर्म्युला आहे. त्याला १०० ने भागून सेलचं फॉरमॅट टक्के ठेवलं, की मुलं घरं भरतात तसा आकडा बदलत जातो. कोणी तरी दुसऱ्याची टॅब पुसणारच, अनडू करा आणि पुढे चला.

इथे एक गंमत मुद्दाम दाखवा. साध्या सेलमध्ये १८ लिहून मग टक्क्याचं बटण दाबलं, तर शीट १८०० टक्के दाखवतं. ०.१८ लिहिलं असेल तर १८ टक्के. अॅप बिघडलेलं नाही. टक्का म्हणजे भागिले शंभर, आणि १८ या संख्येत असे १८०० टक्के असतात. फोनच्या कॅल्क्युलेटरवर ५०० + १०% करून बघा: बरेच कॅल्क्युलेटर ५५० देतात, काही ५००.१. दुसऱ्याने "कशाचे १० टक्के?" हा प्रश्नच विचारलेला नसतो.

एसी लोकलचं तिकीट

"कशाचे?" इथेच बहुतेक मुलं घसरतात, आणि त्यासाठी मुंबईसारखं पुस्तक नाही.

५ मे २०२२ पासून एसी लोकलचं सुटं तिकीट स्वस्त झालं. बातम्यांत "५० टक्के कपात" असं आलं. पाच किलोमीटरचं तिकीट ६५ रुपयांवरून ३० वर आलं. मी फॉर्ममध्ये विचारते, कपात किती टक्के? पर्याय देते ३५, ४६, ५४ आणि ११७. बरोबर उत्तर ५४, कारण ३५ रुपये कमी झाले आणि ते जुन्या ६५ च्या ५३.८५ टक्के होतात.

चुकीचे पर्याय असेच उचललेले नाहीत. ३५ म्हणणाऱ्याने फक्त वजाबाकी केली. ४६ म्हणणाऱ्याने कमी झालेलं नाही, उरलेलं भाडं मोजलं (३० भागिले ६५). ११७ म्हणणाऱ्याने नव्या भाड्याने भागलं. तीन चुका, तीन वेगळी कारणं, आणि तिघांना वेगवेगळं समजवावं लागतं. नुसतं "चूक" म्हणून चालत नाही. चेहरा दिसत नसताना गोंधळ नेमका कुठे झालाय, हे मला असे पर्यायच सांगतात.

त्यानंतर बेस्टची एसी बस. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं २० रुपयांवरून ६ झालं, म्हणजे ७० टक्के कमी. मे २०२५ मध्ये ६ चे १२ झाले, १०० टक्के वाढ. "मग बस आधीपेक्षा ३० टक्के महाग ना?" असं विचारलं की निम्मा वर्ग हो म्हणतो. पण १२ रुपये हे २० पेक्षा अजूनही ४० टक्के कमी आहेत. सत्तर टक्के २० चे होते, शंभर टक्के ६ चे. साध्या बसचं उलट झालं: ८ चे ५ झाले, नंतर ५ चे १०, म्हणजे मूळ भाड्यापेक्षा २५ टक्के जास्त. दोन्ही गणितं शेजारी-शेजारी ठेवा, टक्क्यांची थेट बेरीज-वजाबाकी का चालत नाही यावर फार बोलावं लागत नाही. दादरच्या दुकानातलं "२० टक्के + आणखी १० टक्के सूट" मग मुलंच सोडवतात: १०० चे ८०, ८० चे ७२. सूट २८ टक्के.

आठवीच्या मुलांसाठी वहीवरचा जीएसटी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १२ टक्क्यांवरून शून्य झाला. करासकट ११२ रुपयांची वही, सगळा कर उतरला असं धरलं, तर १०० ला मिळेल. वही १२ टक्के स्वस्त झाली का? नाही, १२ भागिले ११२, म्हणजे १०.७१ टक्के.

वेळेचं

मोफत मीटवर तीन किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटं मिळतात, मोफत झूमवर ४०. त्यातली दहा मिनिटं "ताई, आवाज येतोय का"मध्ये जातात (ती ६० ची किती टक्के, हा आमचा पहिला प्रश्न असतो). शिकवायला २५ मिनिटं पुरतात. फॉर्म मात्र कॉल चालू असतानाच भरून घ्या. नंतर भरतो म्हणणाऱ्यांचा फोन आईबाबांकडे परत गेलेला असतो, आणि उत्तर रविवारी रात्री मोठ्या बहिणीच्या अक्षरात येतं.